भाजीकडे पाठ फिरवणाऱ्या गिनी पिगला पाल्याची सवय कशी लावावी

गिनी पिग घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांत एक प्रसंग हमखास घडतो. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून सकाळी निवडून आणलेली कोथिंबिरीची पेंडी, काकडीच्या चकत्या आणि गाजराचे काप मोठ्या कौतुकाने त्याच्यापुढे ठेवले जातात. तो ते हुंगतो, दोन पावले मागे सरतो आणि दुकानातून सोबत आलेल्या दाण्याच्या, म्हणजे तयार कोरड्या खाद्याच्या, वाटीत पुन्हा तोंड घालतो. मुले हिरमुसतात आणि मोठी माणसे ‘याला भाजी आवडतच नाही’ असे म्हणून विषय संपवतात. हे अनुमान घाईचे असते. आमच्या घरातील दोन माद्यांपैकी चिंगीने दुसऱ्याच दिवशी कोथिंबीर ओढून खाल्ली. तिच्याच वयाच्या गुळीला मात्र ढबू मिरचीचा पहिला घास घ्यायला पाच आठवडे लागले. पुढील सूचना गुळीसारख्या गिनी पिगांसाठी आहेत.

प्रथम त्याची बाजू समजून घेणे आवश्यक आहे. गिनी पिगला उलटी करता येत नाही. पोटात गेलेला चुकीचा पदार्थ बाहेर टाकण्याची सोय नसल्यामुळे अनोळखी वास, अनोळखी ओलावा आणि अनोळखी आकार यांच्याबाबत तो सावध असतो. त्यातच त्याची खाण्याची आवड पिल्लूपणीच बरीचशी ठरून जाते. जे पिल्लू पिंजऱ्यात केवळ कोरड्या दाण्यावर वाढले, त्याच्या लेखी काकडी हा खाद्यपदार्थच नसतो. याला हट्टीपणा म्हणणे योग्य नाही. म्हणूनच त्याच्यापुढे एका वेळी एकच नवी गोष्ट ठेवावी आणि ती ओळखीची होईपर्यंत बदलू नये. मंडईत सात-आठ प्रकारच्या भाज्या समोर दिसत असताना हा नियम पाळणे आपल्यालाच अधिक अवघड जाते.

भाजी नाही खाल्ली तर काय बिघडते, असा प्रश्न घरात कोणीतरी विचारतेच. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही सी जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण ते बनवण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नसते. शरीराच्या दर किलो वजनामागे त्याला रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व लागते. गाभण मादी आणि वाढत्या पिल्लांची गरज यातील वरच्या आकड्याकडे असते. हा पुरवठा थांबला की दोन ते तीन आठवड्यांत केस राठ होणे, सांधे सुजणे, हालचाल मंदावणे, हिरड्यांतून रक्त येणे अशी लक्षणे दिसू लागतात. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण पाण्यात ते लवकर निकामी होते आणि पाण्याची चव बदलल्यामुळे काही गिनी पिग पाणीच कमी पितात. तयार दाण्यात हे जीवनसत्त्व घातलेले असले तरी तो बनल्यापासून सुमारे तीन महिन्यांत त्याचा जोर बराच ओसरतो. पोत्यातून सुटा तोलून दिलेल्या दाण्यावर तारीखच नसते, त्यामुळे त्यावर विसंबून राहता येत नाही.

आधी आजार नाही ना, याची खात्री करावी

नवी भाजी नाकारणे आणि खाणेच सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गवत आणि दाणा नेहमीसारखा खाऊन केवळ भाजीकडे पाहत नसेल, तर तो चोखंदळ आहे. घास उचलून तोंडातून पडत असेल, हनुवटीखालचे केस लाळेने ओले दिसत असतील किंवा पूर्वी आवडणारी काकडीही तो चावू शकत नसेल, तर दातांचा त्रास असण्याची शक्यता अधिक. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि गवत चावण्यानेच ते झिजतात. बारा तासांहून अधिक काळ त्याने काहीच खाल्ले नसेल, लेंड्या बारीक झाल्या असतील किंवा थांबल्या असतील, तर भाजीचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे, कारण या प्राण्याची आतडी एकदा मंदावली की प्रकृती फार वेगाने ढासळते.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री पाहणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण गिनी पिग नेहमी हाताळणारे कमी. त्यामुळे कोणाकडे जायचे हे प्राणी धडधाकट असतानाच विचारून ठेवावे. घरातील उरलेले प्रतिजैविक त्याला कधीही देऊ नये; पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन यांसारखी माणसांना सर्रास दिली जाणारी औषधे तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि तो दगावू शकतो.

स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा या कामी फार उपयोगी पडतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, गिनी पिगला वाडग्यात बसवून वजन करावे आणि ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. प्रौढ गिनी पिगचे वजन साधारण 700 ग्रॅम ते 1.2 किलो असते. एका आठवड्यात 50 ग्रॅमच्या आसपास घट दिसली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

वैरण हेच मुख्य जेवण

भाजीचा विचार करण्यापूर्वी वैरणीची घडी बसवावी लागते, कारण रोजच्या खाण्यातला सुमारे 80 टक्के भाग वाळलेल्या किंवा हिरव्या गवताचा असावा लागतो आणि ते त्याच्यापुढे दिवसरात्र असावे लागते. वाळलेले टिमोथी गवत ऑनलाइन मागवता येते. ते परवडत नसेल तर स्थानिक गवत चालते, पण निवड डोळसपणे करावी. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या डोंगरउतारांवरून दिवाळीच्या सुमारास कापून येणाऱ्या गवतात बऱ्याचदा कुसळ असते. ते हिरड्यांत आणि डोळ्यांत रुतते, म्हणून कुसळाचे गवत टाळावे. भाताचे पिंजर आपल्या भागात मुबलक मिळते, पण त्यात पोषण फारसे नसते. अंथरायला ते उत्तम, मुख्य वैरण म्हणून अपुरे. कोवळ्या ज्वारीच्या हिरव्या वैरणीने जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांना ठाऊक असते, तेव्हा एवढ्याशा जिवाला ती देऊ नये. उसाचे वाडे फुकट मिळते म्हणून अनेकांना मोह होतो, परंतु त्याची पाती कडेने धारदार असतात आणि त्यात मूतखड्याला कारण ठरणारे ऑक्झॅलेटही असते. ते वैरणीच्या जागी वापरू नये. लसूणघास पौष्टिक असला तरी त्यात कॅल्शियम फार असते, त्यामुळे तो पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावा. प्रौढ गिनी पिगला रोज दिल्यास मूतखड्याचा धोका वाढतो.

सर्वांत निर्धोक आणि सहज मिळणारे हिरवे गवत म्हणजे हरळी, अर्थात दूर्वा. चोखंदळ गिनी पिगला ओल्या पाल्याची ओळख करून देण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही, कारण त्याचा वास वाळलेल्या गवताच्या जवळचा असतो. महाद्वार रोडवर फुलांच्या टोपल्यांतून मिळणारी दूर्वांची जुडी स्वच्छ धुऊन वापरता येते. गणपतीपुढची दूर्वा मात्र देऊ नये. तिला हळदकुंकू आणि गुलाल लागलेला असतो. रंकाळ्याच्या काठावरचे किंवा बागेतले गवतही टाळावे, कारण तिथे कुत्री फिरतात आणि फवारणी केव्हा झाली हे आपल्याला कळत नाही.

आता दाण्याविषयी. वाटी सतत भरलेली असेल, तर कोणताही गिनी पिग भाजीकडे वळणार नाही. प्रौढ प्राण्याला दिवसाकाठी एक ते दोन मोठे चमचे दाणा पुरे होतो. सूर्यफुलाच्या बिया, मका आणि रंगीत तुकडे असलेले मिश्रण पोपटाला शोभते; याला साधा, एकसारख्या गोळ्यांचा दाणा द्यावा. प्रमाण एकदम कमी न करता दोन आठवड्यांत हळूहळू खाली आणावे. ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून उपाशी ठेवण्याची युक्ती कुत्र्याच्या बाबतीत कदाचित चालत असेल. गिनी पिगच्या बाबतीत ती जीवघेणी ठरू शकते.

पहिला घास

सुरुवात दूर्वांनी करून पाच-सहा दिवसांनी कोथिंबिरीकडे जावे. कोथिंबिरीच्या दोन काड्या स्वच्छ धुऊन, पाणी निथळून, बोटांनी किंचित चुरडाव्यात म्हणजे वास सुटतो, आणि त्या वाळलेल्या गवतात अर्धवट खोचून ठेवाव्यात. वाटीत वेगळी मांडलेली भाजी त्याला अनोळखी वस्तू वाटते. गवत ओढताना सोबत आलेली काडी मात्र नकळत चावली जाते. फ्रिजमधून काढलेली भाजी लगेच देऊ नये, अर्धा तास बाहेर ठेवून मगच द्यावी.

वेळ पहाटेची किंवा तिन्हीसांजेची निवडावी, कारण हा प्राणी तेव्हाच अधिक जागा आणि भुकेला असतो. भाजी ठेवल्यावर तिथेच डोके खुपसून ‘खा की रे’ म्हणत बसू नये. तो आपल्याला घाबरून घरट्यात जातो आणि त्याच्या मनात भाजी व भीती यांची सांगड बसते. तीन-चार तासांनी न खाल्लेली भाजी काढून टाकावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी, तीच भाजी पुन्हा ठेवावी. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दोन दिवस कोथिंबीर नाकारली म्हणून तिसऱ्या दिवशी काकडी आणि चौथ्या दिवशी गाजर दिले जाते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या दृष्टीने ओळख पुन्हा शून्यापासून सुरू होते. एकच भाजी किमान दहा ते पंधरा दिवस टिकवून धरावी. तो आधी हुंगेल, मग नाकाने ढकलेल, मग कधीतरी दाताने ओढून टाकून देईल. ओढून टाकणे ही प्रगतीच आहे.

सोबत दुसरा गिनी पिग असेल तर काम बरेच सोपे होते, कारण ते एकमेकांचे पाहून खायला शिकतात. आमच्याकडे चिंगी कोथिंबीर खाताना गुळी तिच्या तोंडातलीच काडी ओढू लागली. स्वतःपुढे ठेवलेली काडी तिने अजून शिवलीही नव्हती. एकट्या गिनी पिगसाठी आकार बदलून पाहावा. ढबू मिरचीचा जाड तुकडा नाकारणारा प्राणी तिचीच लांब, पातळ पट्टी खातो, तर काहींना ती किसून दूर्वांवर भुरभुरलेली चालते. पाला जाळीला क्लिपने टांगला तर तो गवतासारखा ओढून खाण्याची सोय होते. एक भाजी निर्धास्तपणे खाऊ लागला की दुसरी नवी भाजी त्या आवडत्या भाजीतच थोडी मिसळावी. जबरदस्तीने तोंडात कोंबण्याचा प्रयत्न करू नये. हाताने भरवण्याची वेळ आलीच, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली यावी.

लेंड्यांवर लक्ष ठेवावे. नवी भाजी सुरू केल्यावर त्या मऊ किंवा चिकट झाल्या, तर भाजी दोन दिवस पूर्ण थांबवून केवळ वाळलेले गवत आणि पाणी द्यावे, आणि पातळ हगवण दिसल्यास वाट न पाहता डॉक्टर गाठावा. गिनी पिग स्वतःच्या काही मऊ लेंड्या थेट खातो, हे पाहून पुष्कळ जण दचकतात. पण ती त्याची नैसर्गिक पचनपद्धती असून त्यात अडथळा आणू नये.

मंडईतून काय आणावे

रोजच्या भाजीत पहिला मान ढबू मिरचीचा. 100 ग्रॅम हिरव्या ढबू मिरचीत सुमारे 80 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व असते, म्हणजे मध्यम आकाराच्या मिरचीचा पाव भाग, साधारण 25 ग्रॅम, खाल्ला तरी त्याला जवळजवळ 20 मिलिग्रॅम मिळून एक किलोच्या निरोगी प्रौढ गिनी पिगची दिवसाची गरज भागते. लाल ढबू मिरचीत ते याहून अधिक असते आणि ती गोडसर असल्यामुळे चोखंदळ प्राणी तिला लवकर राजी होतो. गुळीने शेवटी मान तुकवली ती लाल मिरचीपुढेच. देठ आणि बिया काढून टाकाव्यात. लवंगी किंवा साधी तिखट मिरची कधीही देऊ नये, कोल्हापुरात राहत असला तरी.

काकडी आणि गाजर बहुतेक सर्व गिनी पिगांना आवडतात, आणि नेमका त्यामुळेच गैरसमज होतो. काकडीत 100 ग्रॅममागे जेमतेम 3 आणि गाजरात 6 मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व असते, शिवाय गाजरात साखर असते. म्हणून काकडी उन्हाळ्यात पाण्यासाठी आणि गाजर आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढे, इतपतच ठेवावे.

पालेभाज्यांत कोथिंबीर रोज चालते. मेथी, शेपू आणि पुदिना आठवड्यातून एक-दोनदा, चार-पाच काड्या द्याव्यात. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे पान किंवा कोबीचे पान अधूनमधून थोडे चालते, पण प्रमाण वाढल्यास पोट फुगते, आणि फुगलेले पोट या प्राण्याला फार त्रासदायक ठरते. पालक, चुका, चाकवत, राजगिरा, पोकळा आणि माठ या आपल्या नेहमीच्या पालेभाज्यांत ऑक्झॅलेट अधिक असल्यामुळे त्या रोजच्या ताटात नकोत. पालकाचे एखादे पान पंधरवड्यातून चालेल; चुका मात्र पूर्ण वर्ज्य ठेवावा.

पावसाळ्यात रंकाळ्यावर भाजकी कणसे विकणारे हिरव्या साली बाजूला टाकतात. स्वच्छ, ताजी साल मागून घ्यावी. ती धुऊन दिल्यास, आतील रेशमी केसांसह, बहुतेक गिनी पिग आवडीने खातात. दाणे नकोत.

सवय पूर्ण लागल्यावर एका प्राण्याला दिवसाला साधारण एक कप भरून मिश्र पाला-भाजी, सकाळ-संध्याकाळ विभागून, पुरेशी होते.

फळे हे बक्षीस

फळांमधील साखर त्याच्या आतड्यांना झेपत नाही, म्हणून ती आठवड्यातून एक-दोनदाच, अंगठ्याच्या नखाएवढी फोड या मापाने द्यावीत. पेरू यात सर्वांत गुणी आहे, कारण त्यात 100 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमहून अधिक सी जीवनसत्त्व असते. टणक बियांचा गर काढून बाहेरचा भाग सालीसह द्यावा. आवळ्यातही ते भरपूर असते, पण त्याच्या आंबट-तुरट चवीला बहुतेक गिनी पिग तोंड वेंगाडतात. किसाची चिमूट काकडीवर घालून पाहता येते. सफरचंद बिया काढून, संत्र्याची अर्धी फोड, कलिंगडाची पांढरी बाजू आणि उन्हाळ्यात एखादे अर्धे द्राक्ष चालते. केळे आणि आंबा यांत साखर फार; चव पाहण्यापुरते द्यावे. सीताफळ देऊच नये, त्याची बी विषारी असते आणि एखादी चुकून जाण्याचा धोका पत्करण्याचे कारण नाही. चोखंदळ प्राण्याला सुरुवातीलाच फळ देऊ नये; गोड चव लागली की तो पाल्याकडे आणखीच दुर्लक्ष करतो.

कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाटा, कच्चा हिरवा टोमॅटो आणि टोमॅटोचा पाला, अळू, ॲव्होकॅडो, राजम्यासारखी कच्ची कडधान्ये हे सर्व वर्ज्य आहे. पिकलेल्या लाल टोमॅटोची लहानशी फोड, देठ काढून, चालते. शिजवलेले अन्न, दूध-दही, बिस्किट आणि पाव देऊ नये. आमच्या आजीचा जीव भाकरीच्या तुकड्यात अडकलेला असे; ‘मुकं जनावर आहे, घाला की’ हे तिचे म्हणणे प्रेमाचे होते, पण हे जनावर भाकरीचे नाही, हे तिला पटवून द्यायला मला गुळीला मिरची खायला लावण्याइतकाच वेळ लागला.

ऋतूंप्रमाणे काळजी

जून ते सप्टेंबर या काळात मंडईतील पाला ओला, चिखलाचा आणि आतून लवकर कुजणारा असतो. एका ऑगस्टमध्ये मी कोथिंबिरीची पेंडी वरवर धुऊन दिली. मधल्या काड्या काळवंडलेल्या होत्या हे नंतर लक्षात आले आणि दोघींची पोटे दोन दिवस बिघडली. तेव्हापासून प्रत्येक पेंडी सोडवून, पिवळी-काळी पाने निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, सुती पंचावर पसरून कोरडी करण्याचा नेम आहे. फवारणीचा अंश कमी करण्यासाठीही हेच उपयोगी पडते.

एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात पिंजरा गॅलरीत ठेवू नये. तापमान 27-28 अंशांच्या वर गेले की गिनी पिगला उष्माघाताचा धोका सुरू होतो आणि भूक आपोआप मंदावते. अशा दिवसांत भाजी पहाटे आणि रात्री द्यावी, दुपारी राहिलेली लगेच उचलावी, कारण उन्हात ती तासाभरातच आंबते.

सुट्टीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे पिंजरा सोपवणार असाल, तर निघण्यापूर्वी आठवडाभर कोणतीही नवी भाजी सुरू करू नये. रोजच्या दोन-तीन भाज्या, त्यांचे माप, दाण्याचा चमचा आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून पिंजऱ्याला अडकवावा, आणि ‘लाडाने दुसरे काही देऊ नका’ ही ओळ सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहावी.